केनियाची ऑनलाइन प्रवासपरवानगी : अर्ज सोपा, तयारी मात्र व्हिसाइतकीच

केनियात जाण्यासाठी आता व्हिसा लागत नाही, हे वाक्य आपल्याकडील सहलींच्या जाहिरातींत आणि नातेवाइकांच्या गप्पांत इतक्या वेळा कानावर येते की, तिकीट काढले आणि विमानात बसले की झाले, असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. राष्ट्राध्यक्ष विल्यम रुटो यांनी १२ डिसेंबर २०२३ रोजी, जमहुरी दिनाच्या, म्हणजे केनियाच्या प्रजासत्ताक दिनाच्या, समारंभात, जानेवारी २०२४ पासून केनिया व्हिसामुक्त होईल अशी घोषणा केली आणि ती अमलातही आली. परंतु व्हिसाच्या जागी निघण्यापूर्वी ऑनलाइन घ्यायची इलेक्ट्रॉनिक प्रवासपरवानगी, म्हणजे सर्वत्र ‘ईटीए’ या नावाने ओळखली जाणारी मंजुरी, त्याच वेळी सक्तीची झाली. भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ती लागते, तान्ह्या मुलालाही लागते. ही परवानगी मी माझ्या कुटुंबासाठी स्वतः अर्ज भरून घेतली. या सेवेविषयी माझे मत एकंदरीत अनुकूल आहे. मात्र ते अनुकूल का आहे आणि कोणत्या बाबतीत नाही, हे नीट सांगितल्याशिवाय त्या मताचा कोणाला उपयोग होणार नाही.

प्रथम खर्चाचा विषय घेतो, कारण व्हिसा गेला म्हणजे पैसे वाचले असे गृहीत धरले जाते. केनियाने ऑनलाइन व्हिसाची पद्धत २०१५ मध्ये आणली होती आणि एकदा प्रवेश देणाऱ्या साध्या व्हिसाचे शुल्क ५० डॉलर होते. आताच्या परवानगीचे मूळ शुल्क ३० डॉलर आहे आणि कार्डाने पैसे भरताना त्यावर थोडी रक्कम वाढते. प्रौढ प्रवाशासाठी ही सरळसरळ बचत आहे, आणि निवृत्तीनंतर मसाई माराचे जंगल पाहायला निघालेल्या जोडप्याला तर ती चांगलीच जाणवते. पण जुन्या पद्धतीत पालकांबरोबर येणाऱ्या सोळा वर्षांखालील मुलांना शुल्क माफ होते, आणि नव्या पद्धतीत ती माफी राहिलेली नाही. आई, वडील आणि शाळेत जाणारी दोन मुले अशा चौकोनी कुटुंबाला पूर्वी १०० डॉलर भरावे लागत, आता १२० भरावे लागतात. एकच मूल असेल तर १०० ऐवजी ९०. म्हणजे व्हिसामुक्तीचा लाभ कोणाला किती होतो हे घरातल्या मुलांच्या संख्येवर अवलंबून आहे, आणि मे महिन्याच्या सुटीत दोन मुलांना सिंह-हत्ती दाखवायला नेणाऱ्या पालकांना तो होत नाही, ही गोष्ट मला मनापासून खटकते. ज्या देशांच्या नागरिकांना केनियात पूर्वी व्हिसाच लागत नव्हता, त्यांनाही जानेवारी २०२४ पासून पैसे भरून परवानगी घेणे भाग पडले, आणि त्यावरून आफ्रिकेतच बरीच टीका झाली. जानेवारी २०२५ मध्ये केनियाच्या मंत्रिमंडळाने सोमालिया आणि लिबिया वगळता बहुतेक सर्व आफ्रिकी देशांना या अटीतून सूट देण्याचा निर्णय घेतला. पूर्व आफ्रिकी समुदायातील बहुतेक देशांचे नागरिक आधीपासूनच सुटलेले होते. आपल्यासारख्या दूरच्या प्रवाशांसाठी मात्र नियम आहे तसाच राहिला.

तरीही या रकमेकडे एकूण सहलीच्या खर्चाच्या संदर्भात पाहिले पाहिजे. मसाई मारा राखीव क्षेत्राचे परदेशी प्रौढासाठीचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून या काळात दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात दिवसाला २०० डॉलर झाले आहे. विल्डबीस्ट या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांचे प्रचंड कळप नदी ओलांडतात तो काळ जुलै ते ऑक्टोबरचा, म्हणजे नेमका महागड्या दराचा. ज्या सहलीत जंगलाच्या एका दिवसाला इतके पैसे मोजावे लागतात, तिथे प्रवासपरवानगीचे ३० डॉलर हा मोठा बोजा नव्हे. म्हणूनच या सेवेचे मूल्यमापन करताना मी शुल्कापेक्षा अर्जाची रचना, माहितीची स्पष्टता आणि मंजुरीची खात्री या तीन गोष्टींना अधिक महत्त्व दिले आहे.

अर्ज करण्याचे अधिकृत ठिकाण एकच आहे : ईटीएकेनिया डॉट जीओ डॉट केई. शेवटची ‘जीओ डॉट केई’ ही अक्षरे केनिया सरकारच्या संकेतस्थळांची ओळख आहेत आणि ती पत्त्यात दिसल्याशिवाय पासपोर्टची एकही प्रत कोठेही चढवू नये. हा मुद्दा मी एवढ्या आग्रहाने मांडतो, कारण शोधयंत्रात केनिया आणि ईटीए हे शब्द टाकले की अधिकृत संकेतस्थळाच्या वर अनेकदा जाहिरातींची रांग उभी राहते, आणि त्यातील कित्येक संकेतस्थळे नाव, रंग आणि ध्वज यांबाबतीत सरकारी वाटावीत अशाच थाटाने सजवलेली असतात. ती मूळ शुल्कावर आपले सेवाशुल्क लावतात. काही जण ते तळाशी बारीक अक्षरांत सांगतातही, पण घाईने अर्ज भरणारा प्रवासी तिथपर्यंत पोहोचत नाही. पैसे जास्त गेले एवढ्यावर भागले तर नशीब समजावे; आपल्या पासपोर्टचे पहिले पान, छायाचित्र, घरचा पत्ता आणि प्रवासाच्या तारखा कोण्या अनोळखी व्यवसायाच्या हाती कायमच्या जातात, हे नुकसान मोजता येत नाही. एकट्या केनियाचा हा प्रश्न नाही. अमेरिकेची ‘एस्टा’ मंजुरी २००९ पासून सक्तीची आहे आणि तिच्याभोवतीही अशाच मध्यस्थांचा बाजार वाढला. परंतु अमेरिकेची ती मंजुरी भारतीय पासपोर्टधारकांना लागूच नसल्याने आपल्याकडील बहुसंख्य लोकांचा या प्रकाराशी पहिला संबंध केनिया किंवा श्रीलंकेच्या निमित्ताने येतो, आणि पहिलाच अनुभव असल्यामुळे फसण्याची शक्यता अधिक असते.

आता प्रत्यक्ष अर्जाविषयी. जो माणूस रेल्वेचे आरक्षण स्वतः ऑनलाइन करू शकतो, त्याला हा अर्ज भरता येतो, असे मी खात्रीने म्हणेन. एकट्याचा अर्ज करता येतो, तसेच कुटुंबाचा किंवा गटाचा एकत्रही करता येतो. संगणकावरून भरता येतो आणि मोबाइलवरच्या ॲपमधूनही. पासपोर्टच्या छायाचित्र असलेल्या पानाची प्रतिमा, अर्जदाराचा अलीकडचा फोटो, संपर्काचा तपशील, येण्या-जाण्याच्या विमानांची माहिती, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि शुल्क, एवढ्यावर अर्ज पूर्ण होतो. पासपोर्टची मुदत केनियात पोहोचण्याच्या तारखेपासून किमान सहा महिने शिल्लक हवी आणि त्यात निदान एक पान कोरे हवे. प्रश्नांची भाषा साधी आहे. पूर्वी कधी केनियात प्रवेश नाकारला गेला आहे का, कोणत्या गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का, मोठी रोकड बरोबर नेणार का, अशा प्रश्नांना थेट होय किंवा नाही असे उत्तर द्यायचे असते. बँकेची विवरणपत्रे, आयकराची कागदपत्रे, नोकरीच्या ठिकाणचे पत्र, निमंत्रणपत्र, मुलाखत, बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईच्या केंद्रात घालवायचा दिवस यांतले काहीही इथे नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी कागदांची चळत गोळा केलेल्या कोणालाही हा फरक पहिल्या पानावरच जाणवेल, आणि या सेवेला माझ्याकडून जे गुण मिळतात त्यातील सर्वांत मोठा वाटा या साधेपणाचा आहे.

साधेपणाचा एक धोका असा की, माणूस रकाने भराभर भरत सुटतो. पासपोर्टच्या प्रतिमेवरून रकान्यांत आलेली असो वा हाताने भरलेली, प्रत्येक अक्षरन् अक्षर पासपोर्टशी ताडून पाहावे. भारतीय पासपोर्टच्या क्रमांकात आधी एक अक्षर आणि नंतर सात अंक असतात. त्यातील शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ पडला, तर मंजुरी एका पासपोर्टची आणि प्रवासी दुसऱ्या पासपोर्टचा, अशी अवस्था होते. नावाच्या बाबतीत मराठी कुटुंबांनी विशेष लक्ष घालावे. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत असते आणि स्वतःचे नाव व त्यामागे वडिलांचे किंवा पतीचे नाव ही दोन्ही मिळून एका ओळीत असतात. विमानाचे तिकीट काढताना अनेक जण मधले नाव गाळतात, आणि मग अर्जातही ते गाळावे की ठेवावे असा प्रश्न पडतो. अर्जात पासपोर्टवर आहे तेच आणि तसेच नाव लिहावे, हे एकच उत्तर सुरक्षित आहे. लग्नानंतर ज्यांनी आधारपत्रावर आणि बँकेत नाव बदलले आहे पण पासपोर्ट माहेरच्या नावाचाच आहे, त्यांनी तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि अर्ज हे तिन्ही पासपोर्टवरील नावानेच करावे. आजी-आजोबांचे अर्ज घरातील तरुण मंडळी भरून देतात, ते योग्यच आहे. फक्त ईमेलचा पत्ता असा द्यावा की जो प्रवासाच्या दिवशी त्यांच्याबरोबर असणाऱ्या माणसाला उघडता येईल.

अर्जाचा जो भाग मला सर्वांत कमी पटला, तो राहण्याच्या आरक्षणाचा. परवानगी मिळण्यापूर्वीच विमानाची माहिती आणि निवासाची पुष्टी द्यावी लागते, म्हणजे मंजुरीची हमी नसताना प्रवाशाने पैसे गुंतवायचे असतात, आणि अर्ज नाकारला गेला तरी भरलेले शुल्क परत मिळत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने सरकारला प्रवासी कोठे राहणार हे कळणे आवश्यक आहे, यावर वाद नाही. परंतु जंगलसफारीची सहल एका हॉटेलात राहून होत नाही. नैरोबीत एक रात्र, अंबोसेलीत दोन, नाकुरू किंवा नैवाशाच्या तळ्याकाठी एक, मग मारामध्ये दोन-तीन, अशी ती विभागलेली असते, आणि जुलै ते सप्टेंबरच्या गर्दीत तंबूंची निवासस्थाने रद्द केल्यावर पैसे परत देण्यास सहसा तयार नसतात. अशा प्रवाशाला आधी तत्त्वतः मंजुरी आणि नंतर निवासाचा तपशील अशी दोन टप्प्यांची सोय देता आली असती. ती सोय नसल्याने व्यवहारात दोनच मार्ग उरतात. सहल संस्थेबरोबर जाणाऱ्यांनी संस्थेकडून सर्व मुक्कामांची तारखांसह पुष्टी एकाच पत्रात मागून घ्यावी आणि ती जोडावी. स्वतः आखणी करणाऱ्यांनी निदान सुरुवातीचे मुक्काम विनाशुल्क रद्द करता येतील असे निवडावेत. नुसत्या अर्जासाठी खोटे आरक्षण बनवून देणारे लोकही भेटतात, त्यांच्या नादी कदापि लागू नये. सरकारी अर्जात खोटा कागद जोडणे हा गुन्हा आहे, आणि त्याचा परिणाम पुढच्या प्रत्येक देशाच्या व्हिसावर होऊ शकतो.

पैसे भरण्याविषयी थोडक्यात. भारतीय बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनुसार ग्राहकाने स्वतः सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. ते आपल्या बँकेच्या ॲपमध्ये आधी सुरू करून ठेवावेत आणि काम झाल्यावर बंद करावेत. रक्कम डॉलरमध्ये कापली जाते, त्यामुळे बँकेचा परकीय चलनाचा अधिभारही लागतो. पैसे भरल्याची पावती आणि अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा, कारण पुढची सर्व चौकशी त्याच क्रमांकावर चालते.

मंजुरीसाठी केनिया सरकार तीन कामकाजाचे दिवस सांगते, आणि प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. आमच्या अर्जांना सांगितलेल्या मुदतीतच मंजुरी आली आणि त्यासाठी कोणालाही फोन किंवा स्मरणपत्र पाठवावे लागले नाही, हे मी समाधानाने नमूद करतो. पण मोजणी कामकाजाच्या दिवसांची आहे आणि ती नैरोबीच्या दिनदर्शिकेने होते, हे आपल्याकडे सहज विसरले जाते. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, शनिवार-रविवार सुटी असते, आणि शिवाय त्यांचे राष्ट्रीय दिवस आहेत. आपल्याकडे १ मे रोजी महाराष्ट्र दिन असतो, तेव्हा तिकडे कामगार दिनाची सुटी असते. १ जूनला मदारका दिन, २० ऑक्टोबरला मशुजा दिन आणि १२ डिसेंबरला जमहुरी दिन. उन्हाळ्याच्या सुटीत आणि दिवाळीत जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या तारखा यांतील पहिल्या तिन्हींच्या आसपास येतात. शुक्रवारी रात्री अर्ज करून सोमवारी पहाटेच्या विमानाची आशा धरणे म्हणजे स्वतःहून काळजी ओढवून घेणे होय. दुसरीकडे फार लवकर अर्ज करण्यातही एक गोम आहे : मंजुरी दिल्यापासून ९० दिवसांच्या आत प्रवेश करावा लागतो, म्हणून ऑगस्टच्या अखेरच्या सहलीसाठी मे महिन्यातच अर्ज उरकला, तर निघण्याआधीच परवानगी संपण्याची शक्यता राहते. माझ्या मते प्रवासाच्या तीन ते चार आठवडे आधीचा काळ सर्वांत सोयीचा ठरतो. काही दुरुस्ती लागली तरी हाताशी वेळ असतो.

आता ज्या गोष्टीविषयी हा अर्ज प्रवाशाला पुरेसे सावध करत नाही आणि जिच्यामुळे आपल्या लोकांची सर्वांत मोठी पंचाईत होऊ शकते, ती सविस्तर सांगतो. ती आहे पीतज्वराची लस, जिला सगळे यलो फीव्हरची लस म्हणतात. केनियाची परवानगी केनियात जाण्यापुरती असते. परतताना नियम भारताचा लागतो. पीतज्वराचा धोका असलेल्या देशांच्या भारत सरकारच्या यादीत केनिया आहे, आणि तेथून येणाऱ्या प्रवाशाजवळ वैध लसीकरण प्रमाणपत्र नसेल तर त्याला भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते, आणि एकदा घेतलेली लस २०१६ मध्ये बदललेल्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार आयुष्यभर चालते. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांतच ती देतात आणि तिथलेच शिक्क्याचे पिवळे पुस्तक ग्राह्य धरले जाते. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटना आणि बंदर आरोग्य संघटना यांच्या केंद्रांत ती मिळते. सुटीच्या हंगामात तेथे वेळ मिळवायलाच बरेच दिवस जातात, आणि वर दहा दिवसांची अट आहेच. म्हणजे अर्जाला तीन दिवस पुरतात, पण प्रवासाच्या एकूण तयारीला महिनाभर तरी हाताशी हवा. वयस्कर मंडळी, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असणारे आणि प्रतिकारशक्ती दुबळी असणारे यांनी लस घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे, कारण ही जिवंत विषाणूंची लस आहे. ज्यांना वैद्यकीय कारणाने ती देता येत नाही, त्यांनी परतीच्या नियमाची चौकशी तिकीट काढण्यापूर्वीच करावी. परवानगीच्या संकेतस्थळाने निदान अर्जदाराच्या राष्ट्रीयत्वानुसार एक सूचना दाखवली, की आपल्या देशात परतताना अमुक प्रमाणपत्र लागू शकते, तर हजारो भारतीय प्रवाशांवर उपकार होतील. ही अपेक्षा अवाजवी नाही; राष्ट्रीयत्व तर अर्जात आधीच भरलेले असते.

याच प्रकारची आणखी एक सूचना अर्जाच्या वेळीच मिळायला हवी होती. केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर कडक बंदी आहे, आणि जून २०२० पासून राष्ट्रीय उद्याने व संरक्षित क्षेत्रांत एकदाच वापरून टाकायच्या प्लॅस्टिकलाही मनाई आहे. चिवडा, शंकरपाळे, थेपले प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नेण्याची आपली सवय तिथे चालत नाही. डबे आणि कापडी पिशव्या न्याव्यात.

मंजुरी ईमेलने येते आणि ती संकेतस्थळावरूनही उतरवून घेता येते. तिची छापील प्रत प्रत्येक प्रवाशाजवळ स्वतंत्र असावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मोबाइलवर दाखवली तरी चालते हे खरे, पण मध्यरात्री मुंबईच्या काउंटरवर, मागे रांग उभी असताना, आजोबांच्या फोनमधील ईमेल शोधण्यापेक्षा कागद पुढे करणे सर्वांच्याच सोयीचे असते. मुंबईहून नैरोबीचे थेट उड्डाण साधारण सहा तासांचे आहे, आणि आमच्या बाबतीत कागदपत्रांची खरी तपासणी मुंबईतच झाली. नैरोबीच्या जोमो केन्याटा विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्ट आणि परवानगी पाहिली, बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले, किती दिवस राहणार आणि कोठे राहणार हे विचारले आणि शिक्का मारला. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे : परवानगी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. अंतिम निर्णय त्या खिडकीवरील अधिकाऱ्याचा असतो, आणि राहण्याची मुदत कमाल ९० दिवसांची असली तरी शिक्क्यावर जी तारीख पडेल तीच लागू होते. शिक्का तिथेच, खिडकी सोडण्यापूर्वी, वाचून घ्यावा.

हा अर्ज मध्यस्थाकडून भरून घ्यावा का, असे मला ओळखीच्या अनेकांनी विचारले. माझे उत्तर, बहुतेकांच्या बाबतीत, नाही असे आहे. एका सहल संस्थेने आम्हाला या कामासाठी जे सेवाशुल्क सांगितले ते जवळजवळ मूळ शुल्काएवढेच होते, आणि अर्जात नेमके काय भरले आहे याची प्रत पाहायला मिळेल का, या प्रश्नाला तिने समाधानकारक उत्तर दिले नाही. पैशांपेक्षा ही दुसरी गोष्ट मला अधिक गंभीर वाटली. मध्यस्थ सोयीसाठी स्वतःचा ईमेल पत्ता देतो, त्यामुळे अधिक कागद मागणारे पत्र किंवा मंजुरी त्याच्याकडे जाते. प्रश्नांची उत्तरे तो आपल्या अंदाजाने देतो. आणि त्यात काही चुकीचे निघाले तर खिडकीवर उत्तर द्यायला प्रवासी उभा असतो, मध्यस्थ नव्हे. ज्यांना इंग्रजी वाचणे जड जाते, ज्यांच्याजवळ परदेशी व्यवहाराचे कार्ड नाही, किंवा ज्यांचा मोठा गट आहे, त्यांनी मदत जरूर घ्यावी. त्यात कमीपणा नाही. पण अर्जाची पूर्ण प्रत आणि भरलेल्या शुल्काची मूळ पावती मागून घ्यावी, आणि ईमेलचा पत्ता आपला देण्याचा आग्रह धरावा. चांगली संस्था या तिन्ही गोष्टी न मागता देते.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांसाठीही एक खुलासा. अमेरिका, ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व घेतलेले भाऊ-बहीण पुण्या-मुंबईच्या कुटुंबाबरोबर केनियाला यायचे असतील, तर त्यांनाही हीच परवानगी, त्याच शुल्कात, त्यांच्या परदेशी पासपोर्टवर घ्यावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देते त्या ओसीआय कार्डाचा इथे काही संबंध येत नाही. ते सहलीनंतर भारतात येणार असतील तर पीतज्वराच्या प्रमाणपत्राचा नियम त्यांनाही लागतो, कारण तो नियम पासपोर्टवर नसून प्रवासी कोठून आला यावर आहे. त्यामुळे एकत्र कुटुंबाच्या सहलीत लस प्रत्येकाने आपापल्या गावी वेळेवर घेतली आहे ना, याची विचारपूस कोणी तरी एकाने करणे भाग असते.

शेवटी, ही परवानगी कोणी घेऊ नये हेही सांगायला हवे. केनियाबरोबर युगांडातील गोरिलांचे जंगल किंवा रवांडा पाहण्याचा बेत असेल, तर तिन्ही देशांत चालणारा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा २०१४ पासून उपलब्ध आहे. त्याचे शुल्क १०० डॉलर आहे, तो ९० दिवस चालतो आणि त्या मुदतीत या तीन देशांमध्ये पुन्हा पुन्हा ये-जा करता येते. तो ज्या देशात प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे मागायचा असतो. टांझानिया त्यात येत नाही, म्हणून मारासोबत सीमेपलीकडील सेरेंगेटीही पाहू इच्छिणाऱ्यांना टांझानियाचा व्हिसा वेगळाच काढावा लागतो. आणि जे केवळ नैरोबीला विमान बदलून पुढे जाणार आहेत, विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नाहीत, त्यांना या अर्जाची गरजच नाही. मात्र मधल्या थांब्यात शहराला लागून असलेले नैरोबी राष्ट्रीय उद्यान पाहून यावे असे मनात असेल, तर काही तासांसाठी का होईना, परवानगी आधी घेऊनच निघावे.